तळाला लागलेला भात

आजीच्या स्वयंपाकघरात भात लागला की आधी वास यायचा. ओसरीवर पेपर वाचत बसलेल्या आजोबांनाही कळायचं. आजी लगबगीने पातेलं उतरवायची, पण त्यात डाव घालू द्यायची नाही. ढवळलं की खालचं करपलेलं वर येतं आणि सगळंच वाया जातं. वरचा पांढरा भात ती अलगद दुसऱ्या भांड्यात काढून घ्यायची. खरवड आम्हा पोरांच्या वाट्याला. मग चौकशी सुरू व्हायची. लाकूड कुणी आत सारलं? पाणी किती घातलं होतं? हे पातळ बुडाचं पातेलं कुणी घेतलं? या तिन्ही प्रश्नांत तांदूळ कुठे नसायचा. ‘या तांदळातच दम नाही’ असं आजी म्हणाल्याचं मला आठवत नाही.

माणूस करपला की मात्र आपण नेमकं हेच म्हणतो. आजकालच्या पोरांत दम नाही. आम्ही नाही का केली नोकरी? कंदिलाखाली अभ्यास करून लोक कलेक्टर झाले. असं म्हणणारी मंडळी वाईट नसतात. बहुतेकदा ती आपलीच, मायेची माणसं असतात. पण त्यांच्या चौकशीत आच, पाणी आणि बूड यांतलं काहीच येत नाही. ते विचारायला हवं, एवढ्यासाठी मी हे पुस्तक लिहिलं.

इंग्रजीतल्या ‘बर्नआउट’साठी या पुस्तकात मी ‘करपणं’ हाच शब्द वापरला आहे. एका स्नेह्यांनी ‘कार्यजन्य मनोदौर्बल्य’ सुचवलं होतं. त्यांचा राग ओढवून घेऊन ते बाजूला ठेवलं, कारण ‘दौर्बल्य’ म्हटलं की पुन्हा तांदळावरच आलो. शिवाय जळणं वेगळं आणि करपणं वेगळं. जळताना ज्वाळा दिसतात, माणसं पाण्याच्या बादल्या घेऊन धावतात. करपण्याची सुरुवात तळाशी होते. वरून पाहावं तर भात छान वाफाळलेला. माणूस इस्त्रीचा शर्ट घालून वेळेवर येतो, मेलला उत्तरं देतो, वाढदिवसाचा केक कापताना टाळ्याही वाजवतो.

‘ताण’ हा शब्द आपला जुनाच, पण आज ज्या अर्थाने तो आपण वापरतो तो अर्थ शंभर वर्षांचाही नाही. १९३६ साली माँट्रियलमध्ये काम करणाऱ्या हान्स सेल्ये यांनी ‘नेचर’मध्ये एक छोटंसं टिपण छापलं. उंदरांना थंडीत ठेवा, जखम करा, विष टोचा किंवा दमेपर्यंत पळवा. त्रास कोणताही असो, शरीरात होणारे बदल ठरावीकच, असं त्यांना दिसलं होतं. अधिवृक्क ग्रंथी फुगतात, थायमस आक्रसते, जठरात व्रण पडतात. प्रथम शरीर दचकतं, मग तग धरतं, आणि त्रास थांबलाच नाही तर शेवटी हात टेकतं. पुढे याच प्रतिसादाला त्यांनी ‘स्ट्रेस’ म्हटलं. या तीन टप्प्यांतला मधला फसवा असतो. तग धरलेला माणूस स्वतःला ठणठणीत समजतो, आणि त्याचा साहेब तर त्याला आदर्श समजतो.

थोडा ताण हवाच, हे सगळे सांगतात आणि ते खरं आहे. माझ्या गॅलरीत वाळत घालायची दोरी आहे. सैल बांधली तर साडीचे काठ फरशीला टेकतात. गेल्या पावसाळ्यात मी ती चांगली ओढून बांधली. ओली चादर घातल्यावर दोरीला काही झालं नाही, भिंतीतला खिळाच उपटून आला. तेव्हापासून कुणी ‘मला काही होत नाही’ म्हणालं की मी त्याच्या घरच्यांची चौकशी करते.

करपण्याला नाव मिळालं ते १९७४ मध्ये. हर्बर्ट फ्रॉइडनबर्गर हे न्यूयॉर्कमधले मानसशास्त्रज्ञ दिवसभर स्वतःची प्रॅक्टिस करून संध्याकाळी एका मोफत दवाखान्यात काम करायचे. तिथे मनापासून राबायला आलेले स्वयंसेवक काही महिन्यांत चिडचिडे, कोरडे आणि थकलेले होताना त्यांनी पाहिले, आणि तीच अवस्था स्वतःचीही झालेली पाहिली. व्यसनाधीनांच्या वस्तीत रुळलेला ‘बर्नआउट’ हा शब्द त्यांनी उचलला. माझ्या मते यातली महत्त्वाची गोष्ट अशी की करपले ते कामचुकार नव्हते. जो पाट्या टाकतो तो सहसा करपत नाही. जीव ओतणारा करपतो.

त्याच दशकात कॅलिफोर्नियात क्रिस्टिना मास्लाक परिचारिका, समाजसेवक, वकील अशा लोकांशी बोलत होत्या. त्यांनी आणि सुझन जॅक्सन यांनी १९८१ मध्ये मोजमापाची प्रश्नावली तयार केली. तिच्यात तीन गोष्टी पाहतात: आतून रिकामं वाटणं, समोरच्या माणसाविषयी कोरडेपणा येणं आणि आपल्या हातून काही होत नाही असं वाटू लागणं. पहिली गोष्ट सगळ्यांना कळते. दुसरी कुणी सांगत नाही, कारण तिची लाज वाटते. रुग्णाला ‘तो बारा नंबर’ म्हणू लागलेली नर्स, पोरांची नावं आठवेनाशी झालेला मास्तर. पुढे मास्लाक आणि मायकल लायटर यांनी करपण्याच्या मुळाशी सहा गोष्टी पाहायला सांगितल्या. काम किती, त्यावर आपला ताबा किती, पदरात काय पडतं, सोबतचे कसे आहेत, न्याय होतो का आणि जे करतो ते आपल्याला पटतं का. आजीचे तीन प्रश्न, यांचे सहा. तांदूळ यांच्याही यादीत नाही.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये आजारांच्या वर्गीकरणाच्या अकराव्या आवृत्तीत करपण्याची नोंद घेतली. ते वर्गीकरण २०२२ पासून लागू झालं. पण नोंद ‘आजार’ म्हणून नाही. कामाच्या जागचा, नीट न हाताळलेला जुनाट ताण आणि त्यातून उद्भवणारी अवस्था, अशी ती आहे. संघटनेने असंही बजावलं की हा शब्द कामापुरताच वापरावा. म्हणजे विद्यार्थी त्यातून वगळले. इथे मी संघटनेचं ऐकलेलं नाही. ऐकायला हरकत नव्हती, पण मी पुण्याच्या सदाशिव पेठेत राहते.

आमच्या इमारतीच्या तळमजल्यावर स्पर्धा परीक्षा देणाऱ्या मुलांची अभ्यासिका आहे. पूर्वी तिथे कापडाचं दुकान होतं. आता प्लायवूडचे कप्पे, प्रत्येकाला नंबर, डोक्यावर ट्यूबलाइट, समोर चिकटवलेला नकाशा आणि त्याच्याखाली कुणाच्या तरी हस्ताक्षरात ‘क्लास वन’. सकाळी सहाला शटर वर जातं. दुपारी मेसचा डबा, चारला कोपऱ्यावरच्या अमृततुल्यात अर्धा कप चहा, तिथेही बोलणं कटऑफचंच. रात्री अकराला चपलांचा ढीग कमी व्हायला लागतो. या मुलांना कुणी पगार देत नाही, पण याला नोकरी म्हणायचं नाही तर काय म्हणायचं? रजा नाही, रविवार नाही आणि काम कधी संपलं हे सांगणारं कुणी नाही.

रॉबर्ट करासेक यांनी १९७९ मध्ये एक साधी मांडणी केली. काम भरपूर असून त्याच्यावर ताबा असेल तर माणूस त्यात वाढतो. काम भरपूर आणि ताबा शून्य असेल तर तो खचतो. स्पर्धा परीक्षा या दुसऱ्या खणातली. जाहिरात कधी येणार हे मुलाच्या हातात नसतं, जागा किती निघतील हे नसतं, निकाल कोर्टात अडकेल का हेही नसतं. राज्यसेवेच्या मुख्य परीक्षेचं स्वरूप वर्णनात्मक करायचं लोकसेवा आयोगाने २०२२ मध्ये जाहीर केलं, तेही २०२३ पासून. २०२३ च्या सुरुवातीला पुण्यात मुलं रस्त्यावर बसली आणि तो बदल २०२५ वर गेला. ऑगस्ट २०२४ मध्ये पूर्व परीक्षा आणि बँकेची परीक्षा एकाच दिवशी आली, पुन्हा रस्ता, पुन्हा तारीख पुढे. बदल चांगला की वाईट हा वाद इथे नको. पण चार वर्षं एका पद्धतीने तयारी केलेल्या मुलाच्या पायाखालची फरशी दर वर्षी हलते, आणि वयाचं घड्याळ मात्र कुणासाठी थांबत नाही. गावाहून फोन येतो, ‘यंदा निघेल ना रे पोस्ट?’ विचारणाऱ्या बापाने वावर गहाण टाकलेलं असतं, म्हणून त्याच्यावर चिडताही येत नाही.

परभणीकडचा एक मुलगा माझ्याकडे पेपर वाचायला यायचा. मोबाइलवर स्टॉपवॉच लावून अभ्यास करायचा. दिवसाचे तेरा तास, चौदा तास वहीत लिहून ठेवायचा. शेवटी शेवटी तास वाढत होते आणि पानं सरकत नव्हती. मी त्याला झोपेबद्दल विचारलं, जेवणाबद्दल विचारलं. तो ‘हो काकू, बरंय काकू’ म्हणत राहिला. मग सहज म्हणाला, ‘काल रूममेटची पोस्ट निघाली. सगळे गुलाल लावून नाचत होते. मला काहीच वाटलं नाही. आनंद नाही, जळफळाटही नाही. काकू, जळफळाट तरी व्हायला पाहिजे होता ना?’

त्या प्रश्नाने मला माझी स्वतःची एक रात्र आठवली.

मी अकरा वर्षं एका दैनिकात रात्रपाळीला उपसंपादक होते. डाक आवृत्तीची पानं सोडायची, मग शहर आवृत्ती, मग दोन वाजता घर. काम आवडायचं, हे मुद्दाम सांगते. पुढे माणसं कमी होत गेली आणि पानं तेवढीच राहिली. एका रात्री काम संपवून खाली पार्किंगमध्ये आले, हेल्मेट घातलं, स्कूटरवर बसले आणि चावी फिरवेना. हाताला काही झालं नव्हतं. घरी जायचं नव्हतं असंही नाही. वॉचमन दोनदा फेरी मारून गेला. तिसऱ्या वेळी त्याने विचारलं, ‘मॅडम, गाडी बंद पडली का?’ मी हो म्हणाले. अर्धा तास मी हेल्मेट घालून तिथेच बसून होते.

त्या काळात आमच्याकडे बरीच माणसं आजारी पडत होती, हे व्यवस्थापनाच्याही लक्षात आलं. त्यांनी आमच्यासाठी ताणमुक्तीची कार्यशाळा ठेवली. रविवारी, म्हणजे ज्यांची साप्ताहिक सुट्टी रविवारी त्यांनी सुट्टी सोडून यायचं. हजेरी सक्तीची. एका हसतमुख गृहस्थांनी आम्हाला दीर्घ श्वास घ्यायला शिकवलं, डोळे मिटून समुद्रकिनारा पाहायला लावला. नाश्त्याला साबुदाणा वडा होता, तो चांगला होता. सोमवारी पुरवणीची दोन पानं वाढली.

श्वासाला माझा विरोध नाही. पण त्या दिवशी समुद्रकिनारा पाहता पाहता मला नारायण मेघाजी लोखंडे आठवले. ठाण्यात १८४८ मध्ये जन्मलेला, फुल्यांच्या सत्यशोधक परंपरेतला, ‘दीनबंधु’ चालवणारा हा माणूस. मुंबईच्या गिरण्यांत तेव्हा दिवस उगवल्यापासून मावळेपर्यंत काम चाले आणि आठवड्याची हक्काची सुट्टी नव्हती. लोखंड्यांनी १८८४ मध्ये गिरणी कामगारांची संघटना उभी केली, हजारो सह्यांचं निवेदन दिलं, सभा घेतल्या. एप्रिल १८९० मधल्या सभेला सुमारे दहा हजार कामगार जमले होते आणि तिथे दोन कामगार बायकाही बोलल्या. १० जून १८९० रोजी गिरणी मालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. कामगार थकतात याचं उत्तर लोखंड्यांनी कामगारात शोधलं नाही. त्यांनी आच कमी करायला लावली. त्यांनी मिळवलेल्या रविवारी आम्ही समुद्रकिनारा पाहत बसलो होतो.

तासांचा हा हिशेब अजून मिटलेला नाही. कारखान्यांच्या १९४८ च्या कायद्याने आठवड्याला ४८ तासांची मर्यादा घातली. २०२३ मध्ये नारायण मूर्तींनी तरुणांना ७० तास काम करायला सांगितलं, त्यानंतर दीड वर्षाच्या आत दुसऱ्या एका बड्या उद्योगप्रमुखाचे ९० तास गाजले. त्याआधीच, २०२१ मध्ये, जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटना यांनी मिळून केलेली पाहणी आली होती. आठवड्याला ५५ किंवा अधिक तास काम करणाऱ्यांना, ३५ ते ४० तासवाल्यांच्या तुलनेत, पक्षाघाताचा धोका सुमारे ३५ टक्क्यांनी आणि हृदयविकाराने मरण्याचा सुमारे १७ टक्क्यांनी जास्त. २०१६ या एका वर्षात अशा कामापायी गेलेले जीव अंदाजे ७ लाख ४५ हजार. अतिश्रमाने मरण्याला जपानीत ‘करोशी’ असा वेगळा शब्दच आहे आणि २०१४ मध्ये त्याविरुद्ध कायदाही झाला. आपल्याकडे शब्द नाही, म्हणून गोष्ट घडत नाही असं थोडंच आहे? आपल्याकडे ‘अचानक गेला हो, काही आजार नव्हता’ असं म्हणतात.

आणि हे तास फक्त कचेरीतले. देशभर झालेल्या २०१९ च्या वेळ-वापर पाहणीत घरकाम करणाऱ्या बायकांचा रोजचा सरासरी वेळ २९९ मिनिटं भरला, घरकाम करणाऱ्या पुरुषांचा ९७. राज्य सरकारने फेब्रुवारी २०२० च्या अखेरीस पाच दिवसांचा आठवडा सुरू केला, तेव्हा मंत्रालयातल्या माझ्या मैत्रिणीला मी अभिनंदनाचा फोन केला होता. ती म्हणाली, ‘शनिवारी आता डबे घासून होतात आणि माळा आवरून होतो.’ तिचा आवाज आनंदीच होता, हे विशेष.

मग एकट्या माणसाने काहीच करायचं नाही का? पुष्कळ करायचं, आणि पुस्तकाचा बराचसा भाग त्यावरच आहे. आजी दूध तापवताना पातेल्याखाली जुना तवा सारून ठेवायची. आच तीच, पण थेट लागत नाही. झोप हा असा तवा आहे. संध्याकाळी घाम येईपर्यंत चालणं, ज्याच्याशी कटऑफविषयी बोलता येणार नाही असा एखादा मित्र, ‘बघतो’ असं न म्हणता ‘हे आज होणार नाही’ असं म्हणण्याची सवय, हेही तवेच. मराठी माणसाच्या ‘बघतो’ या शब्दाने जेवढी माणसं करपवली तेवढी दुष्ट साहेबांनीही करपवली नसतील. म्हणणाऱ्याला वाटतं आपण नकार दिला, ऐकणारा काम झालं म्हणून निघून जातो. अल्बर्ट एलिस यांची विवेकनिष्ठ विचारपद्धती कि. मो. फडके यांनी मराठीत आणली, डॉ. आनंद नाडकर्णी यांनी ती घराघरांत नेली. ‘मला यंदा पास व्हायचं आहे’ आणि ‘मी यंदा पास झालोच पाहिजे’ या दोन वाक्यांतलं अंतर मी या मंडळींकडूनच शिकले, आणि त्या ‘च’वर एक अख्खं प्रकरण लिहिलं आहे. तवा मात्र तवाच. खाली भट्टी पेटवली तर तोही लाल होतो.

एक सावधगिरी. करपणं आणि नैराश्य या शेजारच्या खोल्या आहेत, मधलं दार बंद नसतं. कामापासून लांब गेल्यावर मन जरा मोकळं होत असेल तर एक गोष्ट. पण आवडीचं गाणं, घरचं माणूस, पुरणपोळी, काहीच चवीला लागत नसेल, सकाळ नकोशी वाटत असेल, मरणाचे विचार येत असतील, तर हे पुस्तक बाजूला ठेवा आणि डॉक्टरांकडे जा. टेलिमानस ही सरकारी मदतवाहिनी १४४१६ या क्रमांकावर आहे, फोनला पैसे पडत नाहीत आणि मराठीत बोलता येतं. राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या नोंदीनुसार २०२२ मध्ये देशात १३ हजारांहून अधिक विद्यार्थ्यांनी आत्महत्या केल्या आणि राज्यांच्या यादीत महाराष्ट्र सर्वांत वर होता. त्या यादीमुळे मी या पुस्तकात विनोद कुठे करायचा आणि कुठे नाही हे पुन्हा पुन्हा तपासलं.

करपल्यावर बरं व्हायला किती दिवस लागतात, हे मला सगळ्यांत जास्त वेळा विचारलं जातं. करपलेलं पातेलं आजी त्या दिवशी घासत नसे. पाणी आणि मूठभर राख घालून ते न्हाणीच्या कोपऱ्यात ठेवून द्यायची. आई घाईची, ती काथ्या घेऊन बसली की आजी म्हणायची, ‘अगं, भिजू दे.’ मला स्वतःला वर्ष लागलं. त्यातले पहिले तीन महिने मी नुसती झोपत होते आणि आपण वाया गेलो असं समजत होते.

परभणीचा मुलगा शेवटचा अटेम्प्ट न देता गावी गेला. अभ्यासिकेतल्या पोरांत तो ‘सुटला’ की ‘हरला’ यावर चहाच्या टपरीवर वाद झाला म्हणे. सहा महिन्यांनी त्याचा फोन आला. चुलत्याच्या कृषी केंद्रावर बसतो, दुपारी जेवून दुकानामागच्या लिंबाखाली झोपतो, स्टॉपवॉच डिलीट केलं. मी पुस्तक लिहितेय म्हटल्यावर त्याने पहिला प्रश्न केला, ‘जाड आहे का काकू? जाड असलं तर नका पाठवू. जाड पुस्तक अजून उघडवत नाही.’

हस्तलिखित तेव्हा तीनशे पानांच्या पुढे गेलं होतं. आता ते एकशे चाळीसवर आलं आहे, अक्षर मोठं ठेवलं आहे. पहिली प्रत परभणीला जाईल.